बॉम्ब अचूक, पत्ता चुकीचा: नकाशातली माहिती आणि लष्करी निर्णय

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं हे माझं रोजचं काम. पाझर तलाव किती, ऊस किती, नवा रस्ता कुठून गेला, असलं सगळं. लष्कराशी माझा काडीचा संबंध नाही. पण जशी माहिती आम्ही हाताळतो तशीच सैन्यही वापरतं, आणि तिच्यातल्या चुकाही त्याच असतात. आमच्याकडे चूक झाली तर तलावाचं क्षेत्रफळ चुकतं. तिकडे माणसं जातात. म्हणून हा धागा.

७ मे १९९९ च्या रात्री, युगोस्लाव्हियावर नाटोचे हवाई हल्ले चालू असताना, अमेरिकेच्या बी-२ विमानाने बेलग्रेडमधल्या एका इमारतीवर पाच बॉम्ब टाकले. उपग्रहाच्या आधाराने वाट काढणारे बॉम्ब होते. जे अक्षांश-रेखांश भरून दिले होते तिथेच ते गेले. ती इमारत निघाली चीनची वकिलात. तीन चिनी पत्रकार ठार झाले. मारायचं होतं ते शस्त्रखरेदीचं सरकारी कार्यालय तिथून जेमतेम तीनशे मीटरवर होतं.

हे घडलं कसं? सीआयएकडे त्या कार्यालयाचा पत्ता होता, रस्त्याचं नाव आणि नंबर. पण नकाशावर त्या रस्त्याच्या इमारतींचे नंबर नव्हते. मग शेजारच्या समांतर रस्त्यांवरच्या माहीत असलेल्या नंबरांवरून अंदाज बांधला आणि जागा ठरवली. ही पायदळाची वाट शोधायची रीत. बॉम्ब टाकायची जागा काढायला ती चालत नाही. पुढे ज्या यादीशी पडताळा घेतला, म्हणजे दवाखाने, वकिलाती, शाळा, जिथे मारायचं नाही अशा जागांची यादी, तीही शिळी होती. चीनची वकिलात १९९६ मध्येच नव्या जागी गेली होती आणि यादीत ती जुन्याच जागी होती. पडताळे झाले, पण ज्या नोंदींशी झाले त्या सगळ्यांत एकच जुनी चूक बसलेली.

मला सगळ्यात जास्त लागते ती पुढची गोष्ट. एका अधिकाऱ्याला या जागेबद्दल शंका आली होती. त्याने फोनही केले. ज्याच्या हातात विमान थांबवणं होतं त्याच्यापर्यंत ती शंका पोचलीच नाही. वर गेला तो नुसता आकडा, दशांशानंतरच्या सगळ्या अंकांसह, आणि इतके अंक दिसले की माणसाला तो खराच वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जागेचा आकडा एकटा वर जाऊ नये. तो कधीचा, कशावरून काढला, कुणी तपासला, त्यात किती मीटरची ढिलाई आहे, हे सगळं त्याला चिकटूनच निर्णय घेणाऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? इथे निवृत्त फौजी मंडळी आहेत, मोजणी खात्यातले आहेत, म्हणून मुद्दाम विचारते.

तोफखाना_बीड

ताई, चांगला विषय काढलात. मी तोफखान्यात टीए होतो, टेक्निकल असिस्टंट. तोफेचा हिशोब करणारा माणूस. तोफ किती फिरवायची, नळी किती वर उचलायची, ते आमच्या तक्त्यावरून जायचं. त्यामुळे यावर मला बोलायचंच आहे.

तोफेला तीन गोष्टी लागतात. आपण कुठं आहोत, दुश्मन कुठं आहे, आणि दोघांच्या उंचीत फरक किती. लोकांना वाटतं दुश्मनाची जागा सापडली की झालं. आपलीच जागा शंभर मीटर चुकली असेल तर पुढचा सगळा हिशोब शंभर मीटर चुकीचा, गणित कितीबी बरोबर असू द्या.

मैदानात चूक झाली तर इलाज असतो. पहिला गोळा पडला की ओपीवरचा, म्हंजे पुढच्या टेहळणी चौकीवरचा, अधिकारी बघतो आणि वायरलेसवर सांगतो, उजवीकडं घ्या, पुढं टाका. दोन-चार गोळ्यांत निशाण्यावर येता येतं. डोंगरात तसं नसतं. शत्रू बसलेला असतो धारेवर, ती धार काही ठिकाणी घराच्या अंगणाइतकीबी रुंद नसते. नकाशातली उंची पन्नास मीटर चुकली की गोळा धारेवरून जातो आणि मागच्या दरीत पडतो. कुठं पडला तेच दिसत नाही, मग सुधारणा देणार कशाची? कारगिलला अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं गेली. लोक तो आकडा पराक्रम म्हणून सांगतात, आणि तो पराक्रम हायच. पण इतके गोळे लागण्यामागं उंचीचं आणि जागेचं हे दुखणंबी होतं, ते कुणी सांगत नाही.

आता ताईंचा मुद्दा. तोफेला दुसरा गोळा असतो. पहिला चुकला तर डोळा बघतो, तोंड सांगतं, हात सुधारतो. अक्षांश-रेखांश भरून सोडलेल्या बॉम्बला मधे कुणी सांगणारा नसतो. जी काही सुधारणा करायची ती आधी, कागदावर. म्हणून हत्यार जितकं अचूक तितका नकाशावरचा भार जास्त.

परभणीकर_२२

काका, मी एनडीएची तयारी करतोय. क्लासमध्ये सांगतात की कारगिलच्या वेळी अमेरिकेने आपलं जीपीएस बंद केलं आणि त्यावरून आपण नाविक, म्हणजे जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा, काढलं. हे खरं आहे का?

गोदातीर

"बंद केलं" हे अर्धवट आहे. त्या काळी जीपीएसचे दोन सिग्नल होते. एक अमेरिकी सैन्यासाठी आणि दुसरा जगातल्या सगळ्यांसाठी खुला. खुल्या सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली होती, शंभर मीटरपर्यंतची. ती फक्त भारतासाठी नव्हती, अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या यंत्रालाही तीच चूक मिळायची. २ मे २०००ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ बंद झाली. कारगिल त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे खुलं यंत्र असलं तरी ते शंभर मीटर इकडेतिकडे दाखवणार, आणि आता काकांची धार डोळ्यासमोर आणा.

दुसऱ्याच्या आकाशातल्या घड्याळावर किती विसंबायचं, हा प्रश्न त्यातूनच मोठा झाला हे मात्र खरं. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ला गेला. पुढे काही उपग्रहांमधली अणुघड्याळं बंद पडली, आणि घड्याळ बंद म्हणजे त्या उपग्रहावरून जागा काढणंच बंद. २९ मे २०२३ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला त्याचा पुढचा भाऊ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. तेव्हा "आपलं स्वतःचं आहे" म्हणून निर्धास्त व्हावं अशी वेळ अजून आलेली नाही.

साखळीवाला (लातूर)

मी भूकरमापक होतो. साखळी ओढली, प्लेन टेबलवर काम केलं, निवृत्तीआधी रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र, तेही हातात आलं. सैन्यातलं मला कळत नाही, पण ताईंनी बेलग्रेडचं लिहिलं ते वाचून मला आपलं किल्लारी आठवलं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. नावं बहुतेक तीच राहिली, जागा बदलली. आता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचं ५६ बी/१२ हे जुनं पत्रक उघडा, भूकंपाआधीचं. त्यात किल्लारी आहे, वेस आहे, देऊळ आहे, विहिरी आहेत, सगळं नीट काढलेलं. मोजणी करणाऱ्याने त्याच्या दिवशी चोख काम केलेलं होतं. पण आज त्या पत्रकावर बोट ठेवून कुणी हेलिकॉप्टर पाठवलं तर ते पडक्या भिंतींवर आणि बाभळींवर जाऊन उतरेल. माणसं राहतात ती दुसरीकडे. चीनच्या वकिलातीचं हेच झालं. संस्था तीच, नाव तेच, आणि जागा जुन्या कागदावरची.

पैठणकडेही तसंच. नाथसागर १९७६ला पुरा झाला, त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावठाणं गेली. त्याआधीच्या ४७ एम पत्रकांत ती गावं रस्त्यांसकट आहेत. त्या कागदावर विसंबून कुणी रणगाड्यांचा मार्ग आखला तर तो सरळ पाण्यात जाईल.

मोजणीत आम्ही एक गोष्ट शिकलो. बांधावर दोन भाऊ भांडत असले की दोघंही आपापला नकाशा पुढे करतात. शहाणा मोजणीदार आधी नकाशाचा कोपरा बघतो, कोणत्या सालची मोजणी, कोणतं प्रमाण, मूळ टिपण कुठाय. रेघ मागाहून बघायची.

आणखी एक. जुने सरकारी नकाशे एव्हरेस्ट नावाच्या गोलाकृतीवर आहेत. १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार धरला त्यावर बेतलेले, आणि त्यांचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या गोलाकृतीवर. एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. दोन्ही आकडे बरोबरच असतात. पण एकाने जुन्या नकाशावरून वाचून सांगितला आणि दुसऱ्याने यंत्रात भरला, तर दोघं बरोबर असूनही विहीर चुकते.

किनवटकर

साखळीवाला साहेबांच्या पोस्टला जोडून. आमच्या इथे अजून एक भानगड आहे. नकाशे मीटरमध्ये वाचायचे असतील तर पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्या पाडतात. मराठवाडा जवळजवळ सगळा ४३व्या पट्टीत. पण ७८ अंशांची रेघ माहूर आणि किनवट यांच्या मधून जाते. माहूरगड ४३ मध्ये, किनवट ४४ मध्ये. आकडा बरोबर लिहिला आणि पट्टी चुकवली तर जागा सहाशे किलोमीटरच्या वर सरकते. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते म्हणा. भीती छोट्या चुकीची. १९ अंश ३० मिनिटं, म्हणजे साडेएकोणीस अंश, कुणी १९.३० असं दशांशात भरलं, तर जागा बावीस किलोमीटर सरकते. पडते मराठवाड्यातच, नकाशावर दिसतेही शहाण्यासारखी. कुणाला शंका येणार?

तोफखाना_बीड

अगदी बरोबर. आणि उंचीचंबी तसंच, ताई सांगतील.

गोदातीर

हो. यंत्र मुळात उंची मोजतं ती गणिती गोलाकृतीपासून. नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. काकांनी पन्नास मीटरच्या चुकीने गोळा दरीत जातो म्हणून सांगितलं, ते लक्षात ठेवून हा आकडा वाचा. यंत्र हा फरक आतल्या आत दुरुस्त करतं की नाही, हे बघितल्याशिवाय उंची कुणाला सांगू नये.

चित्राबद्दलही थोडं लिहिते, कारण इथे फार गैरसमज आहे. चित्र जितकं स्पष्ट तितकी जागा बरोबर, असं लोक धरून चालतात. आपल्या कार्टोसॅट-३ उपग्रहाच्या कृष्णधवल चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर पाव मीटर, मोटारीचा आकार कळतो. पण मोटार दिसणं वेगळं आणि ती नेमकी कुठे उभी आहे हे कळणं वेगळं. त्यासाठी जमिनीवरच्या पक्क्या मोजलेल्या खुणांशी चित्र जुळवावं लागतं. शत्रूच्या प्रदेशात खुणा मोजायला जाणार कोण? डोंगरात तर चित्र तिरकं घेतलेलं असलं की कडा एका बाजूला झुकतो. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने जगाच्या बऱ्याच भागाच्या उंचीचा नकाशा केला. उत्तम काम, आम्ही आजही वापरतो. पण उंच कड्यांच्या आडोशाला रडार पोचलं नाही, तिथे भोकं राहिली. ती नंतर आजूबाजूच्या आकड्यांवरून बुजवली. बुजवलेली जागा आणि मोजलेली जागा पडद्यावर सारखीच दिसते. आणि नेमक्या त्याच आडोशाला माणसं लपतात.

मांजराकाठ

वाचतोय. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. पण मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहितो.

"माहिती चुकीची होती" हे वाक्य मोठ्या देशांना फार सोयीचं आहे. त्यात कुणी माणूस नसतो, नकाशा असतो. बेलग्रेडचा खुलासा चीनने कधीच मान्य केला नाही. पुढच्या वर्षी सीआयएने एकाला काढलं, सहा जणांना समज दिली आणि विषय मिटवला.

आणि कुंदूझ घ्या. ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तान. मेदसाँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा दवाखाना. त्यांनी आपल्या दवाखान्याचे अक्षांश-रेखांश सगळ्या बाजूंच्या सैन्यांना आधीच दिले होते. चार दिवस आधी पुन्हा दिले. माहिती ताजी, अचूक, घरमालकाने स्वतः दिलेली. तरी अमेरिकी एसी-१३० विमानाने त्या दवाखान्यावर अर्ध्या तासाच्या आसपास मारा केला. ४२ माणसं गेली, रुग्ण, डॉक्टर, परिचारिका. इथे माहितीचा दर्जा कुठे कमी पडला? कमी पडली ती फिकीर. मग आपण दर्जाची चर्चा करून त्यांची जबाबदारी हलकी करत नाही ना?

गोदातीर

दादा, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

कुंदूझच्या चौकशीत जे बाहेर आलं ते असं. लक्ष्य होतं तालिबानने ताब्यात घेतलेली एक सरकारी इमारत. विमानाला क्षेपणास्त्राचा धोका वाटला म्हणून ते लांब गेलं. लांबून ते अक्षांश-रेखांश भरले तेव्हा यंत्राने मोकळं रान दाखवलं. मग विमानातल्यांनी वर्णनाशी जुळणारी इमारत शोधायला सुरुवात केली आणि जवळ दिसली ती मोठी इमारत म्हणजे दवाखाना. नंतर विमान जवळ आलं, तेव्हा यंत्राने खरी इमारत बरोबर दाखवली. तरीही त्यांनी वर्णनच धरून ठेवलं. विमान घाईत उडालं होतं, मारायचं नाही अशा जागांची यादी त्यांच्याकडे नव्हती. ती यादी मुख्यालयात होती. मारा सुरू होण्याच्या मिनिटभर आधी विमानाने मुख्यालयाला आपल्या लक्ष्याची जागा कळवली. तो आकडा आणि यादीतला दवाखान्याचा आकडा एकाच कचेरीत होते. कुणी शेजारी ठेवून बघितले नाहीत.

तुम्ही म्हणता माहिती चांगली होती. होती. पण कपाटातली चांगली माहिती आणि नसलेली माहिती यांत त्या रात्री रुग्णांना काय फरक पडला? माझ्या लेखी माहिती ज्याला लागते त्याच्या हातात, लागते त्या वेळी असणं हाही दर्जाचाच भाग आहे. आणि ती हातात ठेवणं हे माणसाचं काम, नकाशाचं नव्हे. तेव्हा जबाबदारी हलकी होत नाही, ती कुणाची हे उलट नेमकं कळतं. १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. यावर तुमचा राग रास्त आहे, माझाही आहे.

मांजराकाठ

हे पटलं. "कुणाची ते नेमकं कळतं" याच्याशी सहमत. पण मग चौकशीचे अहवाल पूर्ण खुले व्हायला हवेत, काळी पट्टी मारून नव्हे.

तोफखाना_बीड

एक गोष्ट आपल्याच माणसांवर उलटलेली सांगतो, म्हंजे अमेरिकेच्या आपल्या माणसांवर. ५ डिसेंबर २००१, कंदाहारच्या उत्तरेला. तालिबानविरोधी अफगाण नेते हमीद करझाईंसोबत अमेरिकेची छोटी तुकडी होती. विमानाला लक्ष्य सांगणाऱ्याच्या हातातल्या जीपीएसची बॅटरी बदलली. बॅटरी बदलल्यावर ते यंत्र चालू झालं आणि त्यानं लक्ष्याची नव्हं, स्वतःचीच जागा दाखवली. तोच आकडा विमानाला गेला. दोन हजार पौंडांचा बॉम्ब आपल्याच डोक्यावर. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण लढवय्ये गेले, करझाई थोडक्यात वाचले.

यंत्रानं खोटं काहीच सांगितलं नाही. आपली जागा बरोबर सांगितली. आकड्याबरोबर "हा कशाचा आकडा" हे गेलं नाही.

नळदुर्ग (धाराशिव)

इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून थोडं मागचं.

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्या आमच्या नळदुर्गावरून. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं हे पहिल्या दिवसाचं महत्त्वाचं काम होतं, आणि ७व्या ब्रिगेडने वेगाने जाऊन तो तसा मिळवला. नकाशावर पूल दाखवलेला असणं आणि आज सकाळी तो उभा असणं या दोन वेगळ्या माहित्या आहेत. दुसरी कोणत्याही छापील पत्रकात मिळत नाही.

पण मला मुख्यतः सियाचीनबद्दल लिहायचंय, कारण तिथे नकाशातल्या रिकाम्या जागेने युद्ध ओढवलं. १९४९च्या कराची करारात युद्धबंदी रेषा आखली. ती एनजे-९८४२ या बिंदूपर्यंत नीट आहे. हे त्या बिंदूचं नाव म्हणजे नकाशाच्या चौकटीतला आकडाच. त्याच्या पुढे करारात फक्त एवढंच की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. पुढे कुणी राहत नाही, कुणी लढणार नाही, असं तेव्हा धरलं. १९७२च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली तेव्हाही ती तिथेच थांबली.

मग १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या सरकारी नकाशांत त्या बिंदूपासून सरळ ईशान्येला काराकोरम खिंडीपर्यंत रेघ दिसू लागली. कोणत्याही करारात ती नव्हती. पण छापील रेघेला वजन असतं. परदेशी गिर्यारोहक ते नकाशे घेऊन पाकिस्तानच्या परवानगीने सियाचीनवर येऊ लागले. आपल्या सैन्यातले कर्नल नरेंद्र कुमार यांच्या हाती असा एक नकाशा आला आणि त्यांनी वर कळवलं. त्यांच्या मोहिमा गेल्या, आणि १३ एप्रिल १९८४ला सियाचीन ताब्यात घ्यायला आपल्या सैन्याचं ऑपरेशन मेघदूत झालं. आजही आपले जवान तिथे आहेत. त्यांत आपल्या मराठवाड्यातली पोरंही गेलेली आहेत.

ताई, तुम्ही चुकीच्या आकड्याबद्दल लिहिलंत. इथे आकडा चुकला नव्हता, लिहिलाच नव्हता. आणि कुणीतरी तो न विचारता भरला.

१९१४ ची भारत-तिबेट सीमेची मॅकमोहन रेषा तर इंचाला आठ मैल या प्रमाणाच्या नकाशावर जाड रेघेने काढलेली. त्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. १९६२ मध्ये थागला धारेखाली नामका चू नदीच्या काठी आपले जवान उभे होते. रेषा नकाशावर जिथे पडते ती जागा आणि पाणलोटाची धार यांत काही मैलांचं अंतर होतं. वरिष्ठ कचेरीत तो वाद कागदावर होता, नदीकाठच्या जवानाला त्याचा उपयोग शून्य.

परभणीकर_२२

सर, हे आम्हाला कुणी असं शिकवलंच नव्हतं. मी मेघदूतची फक्त तारीख पाठ केली होती.

एक विचारू का? अमेरिकेसारख्या देशाकडे एवढे पैसे, एवढे उपग्रह. तरी चुका कशा राहतात?

साखळीवाला (लातूर)

बाळा, पैशानं मोजणी लवकर होती, पण मोजलेलं रोज शिळं व्हायलंय त्याला कोण काय करणार. गाव वाढतंय, नदी पात्र बदलतीय, रस्ता होतोय. नकाशा ठेवायचा म्हणजे गुरं ठेवण्यासारखं, रोज बघावं लागतं.

गोदातीर

परभणीकर, एक उदाहरण देते, त्यात युद्ध नाही म्हणून जास्त स्वच्छ दिसतं. १७ जानेवारी २०१३ला अमेरिकेची गार्डियन ही सुरुंग शोधणारी युद्धनौका फिलिपाइन्सजवळ तुब्बाताहा प्रवाळावर चढली. त्यांच्या संगणकावरच्या नकाशात तो प्रवाळ खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल दूर दाखवलेला होता. मोठ्या क्षेत्राच्या दुसऱ्या नकाशात मात्र तो बरोबर होता. दोन्ही नकाशे जहाजावरच. दोघांत फरक दिसतो म्हणजे एक तरी चुकीचा आहे, एवढं विचारायला हवं होतं. जहाज शेवटी तुकडे करून काढावं लागलं. कप्तानासह चौघांना पदावरून हटवलं, नकाशा चुकीचा असूनही. मला ते योग्य वाटतं. दीपगृह आणि पाणी डोळ्यांसमोर असताना नुसता पडदा बघायचा नसतो.

आमच्याही कामात असंच. दोन नकाशे जुळले नाहीत की नवखी मुलं त्यातला एक काढून टाकतात, काम पुढे सरकावं म्हणून. मी त्यांना तिथेच थांबायला सांगते. न जुळणं हीच त्या दिवसाची सगळ्यात मोलाची माहिती असते.

किनवटकर

आपल्याकडे आता सुधारणा होतेय ना? कॉर्सची, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल सतत टिपणारी, केंद्रं बसवली आहेत, मोजणीला रोव्हर येतात.

साखळीवाला (लातूर)

होतेय. भारतीय सर्वेक्षण विभागानं देशभर ती कायमची केंद्रं उभारली. रोव्हर त्यांच्याशी जोडला की काही सेंटीमीटरमध्ये जागा मिळते. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली. २००५च्या धोरणानं नागरी नकाशे आणि संरक्षणाचे नकाशे वेगळे केले. २०२१च्या फेब्रुवारीत नियम सैल झाले, नकाशा करायला आधी परवानगी लागायची ती बरीच कमी झाली. हे सगळं चांगलं. पण मोजणीची तारीख आणि पद्धत नकाशासोबत जातेय का ते बघा. अजूनही मला लोक मोबाइलवर नुसता फोटो पाठवतात, कोपरा कापलेला, आणि विचारतात, हद्द कुठाय?

मांजराकाठ

पुन्हा माझ्या प्रश्नाकडे येतो. समजा तारीख, पद्धत, ढिलाई सगळं आकड्याबरोबर गेलं. निर्णय घेणारा साहेब घाईत आहे, वरून दबाव आहे. "या आकड्यात शंभर मीटरची शंका आहे" असं लिहिलेलं तो वाचेल का? की खालचा माणूसच लिहिणार नाही, नको ती कटकट म्हणून?

तोफखाना_बीड

हा खरा प्रश्न. यावर तोफखान्यात काय चालतं ते सांगतो.

एक, हिशोब एकट्याचा नसतो. दोन जण वेगवेगळे करतात, एकमेकाचा कागद न बघता, आणि मग आकडे जुळवतात. जुळले नाहीत तर तोफ चालत नाही. दोघांनी एकाच कागदावरून उतरवलं तर तो पडताळाच नव्हं, बेलग्रेडला तेच झालं.

दोन, वायरलेसवर आलेला प्रत्येक आकडा ऐकणारा उलटा म्हणून दाखवतो. सांगणाऱ्यानं आपलाच आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की चूक कानाला टोचती.

आणि तीन, "स्टॉप" हा हुकूम. गन पोझिशनवर कुणालाबी धोका दिसला, समजा पुढं आपलीच माणसं दिसली, तर कुणीबी "स्टॉप" ओरडू शकतो. कालच भरती झालेला पोरगाबी. ओरडला की सगळ्या तोफा थांबतात. का थांबवलं ते मग विचारतात. धोका नव्हता असं निघालं तरी त्याला कुणी बोलत नाही, कारण एकदा बोललं की पुढच्या वेळी तो गप्प बसंल.

विमानं, उपग्रह, मोठी मुख्यालयं यांच्यात असा हुकूम कसा बसवायचा ते मला सांगता येणार नाही. बेलग्रेडच्या त्या अधिकाऱ्याकडं टेलिफोन होता, "स्टॉप" नव्हता.

गोदातीर

काका, हे मी लिहून घेतलं. आमच्या कचेरीतही जुळणीचा नियम असाच करते, दोघांनी दोन वेगळ्या मूळ नोंदींवरून.

परभणीकर, तुझ्या मुलाखतीआधी किल्लारीचं जुनं पत्रक आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवून बघ. जमलं नाही तर इथे विचार, मी आणि साखळीवाला साहेब आहोत.

परभणीकर_२२

रविवारी बसतो ताई. कोणत्या गोलाकृतीवर आहे ते आधी बघतो.